ताप कुठला ते कळेपर्यंत

नाशिकला पेठ रोडला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि नवरा सांभाळतो. फार्मसीची पदवी माझी, म्हणून भिंतीवरच्या लायसन्सवर नाव माझं आणि गिऱ्हाइकांशी होणारी भांडणंही माझ्याच वाट्याला. मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे येणारा प्रत्येक जण घाईत असतो. पहाटे लिलावाला आलेला शेतकरी, हमाल, पिकअपवाला, पेठ नाक्यावर कामाची वाट बघत उभी असलेली माणसं. पाऊस सुरू झाला की सगळ्यांचं एकच: "ताई, अंग मोडून आलंय, एक जोरातली गोळी द्या."

मग मी प्रश्न विचारते आणि समोरचा वैतागतो. "गोळी मागितली तर मुलाखत घेते ही बाई," असं एकाने माझ्यासमोरच फोनवर कुणाला तरी सांगितलं होतं. सांगू दे.

सर्दी, खोकला, ताप असताना पेनकिलर घ्यावी का, हा प्रश्न तसा जुनाच. पण करोनापासून लोकांच्या डोक्यात एक अर्धवट बातमी अडकून बसली आहे. कुणी म्हणतं, आयब्युप्रोफेनने (कॉम्बीफ्लॅममध्ये असते ती पेनकिलर) करोना वाढतो. कुणी म्हणतं, ते सगळं खोटं होतं, बिनधास्त घ्या. दुपारी दोन ते चार दुकानात माशा मारायची वेळ असते, तेव्हा मी हे सगळं नीट वाचून काढलं आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

झालं असं की मार्च २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या श्वसनरोगांवरच्या मासिकात एक छोटं पत्र छापून आलं. करोनाचा विषाणू पेशीत शिरायला एसीई-२ नावाचं प्रथिन वापरतो, आणि काही औषधांमुळे, त्यात आयब्युप्रोफेनही, ते प्रथिन वाढत असावं, अशी त्यात शंका होती. शंकाच, पुरावा नव्हे. १४ मार्चला फ्रान्सचे आरोग्यमंत्री ऑलिव्हिए व्हेराँ यांनी ट्विट केलं की ताप असेल तर आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने आधी त्याला दुजोरा दिला आणि १८ मार्चला, आम्ही आयब्युप्रोफेनच्या विरोधात सल्ला देत नाही, असं स्पष्ट केलं. चार दिवसांत इकडून तिकडे. पहिली बातमी आपल्या गल्लीपर्यंत पोचली, दुसरी वाटेतच राहिली.

फ्रान्सवाले उगाच घाबरले होते असंही नाही. त्यांच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१९ च्या एप्रिलमध्येच, म्हणजे करोनाच्या आधी, आयब्युप्रोफेन आणि त्याच गटातलं कीटोप्रोफेन घेतलेल्या रुग्णांमध्ये संसर्ग चिघळल्याच्या नोंदी जाहीर केल्या होत्या. साल २००० पासूनच्या त्या नोंदी होत्या, आयब्युप्रोफेनच्या ३३७ आणि कीटोप्रोफेनच्या ४९. पण त्यात मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस आणि न्यूमोकोकस या जिवाणूंचे आजार होते. पेनकिलरने दुखणं आणि ताप दबतो, माणसाला वाटतं बरं चाललंय, आणि आत छातीत पू धरायला लागतो.

करोनाच्या बाबतीत मात्र ती भीती पुढे टिकली नाही. डेन्मार्कमध्ये नऊ हजारांहून जास्त पॉझिटिव्ह लोकांच्या नोंदी तपासल्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातली पेनकिलर घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत. ब्रिटनमध्ये ७२ हजारांवर दाखल रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यातल्या ४,२११ जणांनी दाखल होण्याआधी या गटातली पेनकिलर घेतलेली होती. मृत्यू, आयसीयू, ऑक्सिजनची गरज, कशातच फरक नाही. म्हणजे 'आयब्युप्रोफेन घेतलं म्हणून करोना बळावला' हे डोक्यातून काढून टाकायला हरकत नाही.

इथपर्यंत वाचून शेजारच्या डेअरीवाल्या काकांनी मला विचारलं, "म्हणजे आता द्यायला सुरू करणार ना?"

नाही. आणि का नाही, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले आहे.

डेन्मार्क काय, ब्रिटन काय, तिथल्या माणसाची तपासणी झाली होती, करोना आहे हे ठाऊक होतं. माझ्या काउंटरवर जो उभा आहे त्याचा ताप कुठला, हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं काढतो, एकदा थंडी सरताना आणि एकदा पावसाळ्यात. आणि पावसाळ्यातच डेंग्यू. यंदा तर सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मं शहर खणून ठेवलंय, जागोजागी पाणी साचलंय, डासांची चैन आहे. पहिल्या दिवशी दोन्हीचा ताप सारखाच: १०२, डोकं ठणकतंय, अंग ठेचल्यासारखं. फ्लूमध्ये आयब्युप्रोफेन घेतलं तर बहुतेकांचं काही बिघडणार नाही. डेंग्यूत घेतलं तर बिघडू शकतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच घसरायला लागलेल्या असतात. त्यात ही औषधं उरलेल्या प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि जठराचं अस्तरही सोलतात. रक्तस्रावाला आमंत्रणच. म्हणून डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी नकोत, ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल, हा जगभरचा नियम आहे.

मागच्या पावसाळ्यातला एक हमाल सांगते. तिशीचा असेल, खांद्यावर ओलं पोतं टाकून आलेला.

"पाठीला दिली होती ना मागं, ती द्या. ॲसिक्लोवाली." म्हणजे ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्याच गटातली.

"ताप आहे का दादा?"

"आहे थोडा. कालपासनं. पण कंबर लय धरलीय."

"खोकला? नाक गळतंय?"

"नाही ओ."

"डोळे दुखतात?"

तो जरा थांबला. डोळे इकडून तिकडे फिरवून बघितले. "हां. फिरवले की आतून दुखतंय."

"लघवीला कितीदा जाऊन आलात सकाळपासून?"

यावर तो लाजला, मागे उभा असलेला त्याचा जोडीदार हसला. सकाळपासून एकदाच, तीही पिवळी. पोटात दोन चहा, बाकी पाणी नाही. मी त्याला साधी पॅरासिटामॉल दिली, ओआरएसची पाकिटं दिली आणि महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डेंग्यूची एनएस-१ ही रक्ततपासणी आणि सीबीसी, म्हणजे प्लेटलेटसकट रक्तपेशींची मोजणी, करून घ्या म्हटलं. "रोज बुडतो ना ताई," असं पुटपुटत गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. यार्डातली माणसं बदलत राहतात.

लघवीचा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण या गोळ्यांचा दुसरा धक्का किडनीला असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी मोकळी ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. वेदना आणि ताप हेही त्यांचेच उद्योग. या गटातली पेनकिलर ती रसायनंच बनू देत नाही, म्हणून वेदना थांबते, आणि त्याच वेळी ती नळीही आखडते. धडधाकट, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला याचा पत्ता लागत नाही. पण तापाने घाम गेलाय, उलट्या झाल्यात, तोंडाला चव नाही म्हणून पाणीही पोटात नाही, अशा वेळी कालव्यात पाणी कमी आणि वरून दारही अर्धं लोटलेलं, अशी गत होते. त्यात साठीच्या पुढचे काका रोज बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असतील आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिन्ही मिळून किडनीला बेजार करतात. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' लागलेला असेल तर त्या एकाच गोळीत बहुधा दोन्ही असतात, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. ब्रिटनच्या त्या अभ्यासात किडनीचं नुकसानही जास्त दिसलं नव्हतं, हे मला मान्य आहे. तरी बीपीवाल्या काकांना तापात डायक्लोफेनॅक द्यायला माझा हात धजावत नाही.

आणि सुई. नाशिक शहरात जरा कमी झालंय, पण पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणारी माणसं सांगतात की गावाकडे तापाला अजून सुईच लागते. सुईशिवाय डॉक्टर म्हणजे कसला डॉक्टर! ती सुई पुष्कळदा डायक्लोफेनॅकची असते. तैवानमधला एक अभ्यास २०१७ साली छापून आला. हार्ट ॲटॅक आलेल्या नऊ हजारांहून जास्त रुग्णांच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. सर्दी-ताप-छातीच्या संसर्गाच्या दिवसांत हृदयविकाराचा धोका औषध न घेताही वाढतोच, अडीच पटीहून जास्त. त्यात या गटातली पेनकिलर घेतली असेल तर साधारण साडेतीन पट, आणि तीच सुईवाटे दिलेली असेल तर सात पटीच्या वर. असा अभ्यास दोन गोष्टी सोबत घडतात एवढंच सांगतो, एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध करत नाही. जास्त आजारी माणसालाच सुई मिळते, हेही आहे. पण ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे, स्टेंट आहे, त्याने फ्लूच्या तापात 'सुई मारून द्या' म्हणू नये एवढं मी सरळ सांगते.

ऑक्टोबरच्या छाटणीला मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत तेव्हा मजुरांच्या टोळ्या असतात. दिवसभर हात वर करून काम, संध्याकाळी मान-खांदे भरून येतात, मग रोज एक पेनकिलर, चहासारखी. तोच काळ डेंग्यूचा. ताप आला तरी तीच गोळी चालू राहते, कारण ती 'आपली' असते. मुकादम एकदम पाकीटच्या पाकीट मागतो, टोळीसाठी. मी देत नाही, तो पुढच्या दुकानात जातो. पट्टीवर उभी तांबडी रेघ छापलेली असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. ती रेघ कुणाला दिसते, हा प्रश्न मी विचारायला नको, आमच्याच धंद्यातला आहे.

आता पॅरासिटामॉल. इतका वेळ तिचं कौतुक केलं म्हणून ती साखरेची गोळी नव्हे. तिची भानगड वेगळी: ती एका नावाने येत नाही.

परवा गल्लीतल्या एक मावशी आल्या होत्या. ताप उतरत नाही म्हणून अजून काहीतरी द्या. मी म्हटलं, घरात काय काय घेताय ते घेऊन या. त्यांनी पिशवीच काउंटरवर पालथी केली. पॅरासिटामॉल सहाशेपन्नासची पट्टी, दिवसातून तीनदा. सर्दीची गोळी, तीनदा. आणि मुलाची उरलेली कॉम्बीफ्लॅम, डोकं जास्तच दुखलं तर, म्हणजे दिवसातून दोनदा. मी पट्ट्या उलट्या केल्या आणि मागची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००. कॉम्बीफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन ४००, शिवाय पॅरासिटामॉल ३२५. कॅरी बॅगवरच बेरीज केली: १,९५०, अधिक १,५००, अधिक ६५०. झाले ४,१०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४,०००. मावशींचं वजन पंचेचाळीस किलो असेल नसेल, आणि तापामुळे पोटात अन्न नाही. अशा माणसाने, किंवा रोज दारू घेणाऱ्याने, दोन-तीन ग्रॅमच्याच आत राहावं.

"म्हणजे मी तीन वेगळ्या नाही खाल्ल्या?"

"नाही मावशी. एकच खाल्ली, तीन कपड्यांत."

जास्त झालेली पॅरासिटामॉल यकृतात जाऊन एक विषारी घटक तयार करते. थोडा असेल तर शरीर तो निस्तरतं, साठा संपला की यकृताच्या पेशी मरायला लागतात. आणि खोड अशी की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही. थोडी मळमळ, बस. तिच्यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर 'बघू काही होतंय का' म्हणून घरी बसायचं नाही, तसंच उठून हॉस्पिटलात जायचं.

लहान मुलांचा हिशेब वजनावर असतो, वयावर नाही. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. दहा किलोच्या पोराला फार तर १५० मिलिग्रॅम. आता हे १५० बघा: थेंबांच्या बाटलीतून (एका मिलीत १००) दीड मिली, १२५ च्या सिरपमधून (पाच मिलीत १२५) सहा मिली, २५० च्या सिरपमधून तीन मिली. तिन्ही बाटल्यांवर नाव तेच, रंगही तसाच. आजीने सिरपच्या सवयीने थेंबांच्या औषधातलं सहा मिली पाजलं तर चौपट गेलं. म्हणून बाळाचं औषध देताना मी बाटलीवर पेनाने मिली लिहून देते आणि चमचा वापरू नका, सोबतची पिचकारी वापरा म्हणते. चमचे घराघरात वेगळे.

मुलांना ॲस्पिरिन तर अजिबात नाही. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना यकृत आणि मेंदू सुजवणारा रे सिंड्रोम होतो, असं १९८० च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं. त्या वर्षी तिथे ५५५ मुलांची नोंद झाली होती. पाकिटांवर इशारे आले, आयांनी ॲस्पिरिन द्यायचं सोडलं, आणि १९८७ नंतर वर्षाला छत्तीसच्या वर कधी गेले नाहीत. मला ही गोष्ट आवडते. नवं औषध शोधलं नाही, जुनं हातातून खाली ठेवलं.

निमेसुलाइडवर मी फार लिहिणार नाही, डोकं फिरतं. बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. यकृताच्या भीतीने फिनलंड आणि स्पेनने ते २००२ मध्येच थांबवलं, अमेरिकेत ते कधी आलंच नाही. तरी आजही एखादे आजोबा नातवासाठी ते नाव घेऊन येतात, कारण 'आमच्या वेळी त्यानेच ताप उतरायचा'. उतरायचा, खरंय.

आणि उतरायलाच हवा असंही नाही. १०० ताप असलेलं, खेळणारं, पाणी पिणारं मूल झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नाही. गोळी माणसाला बरं वाटावं म्हणून. विषाणू तिला भीक घालत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीत सर्दी-खोकल्याच्या रुग्णांना कुणाला पॅरासिटामॉल, कुणाला आयब्युप्रोफेन, कुणाला दोन्ही असा सल्ला दिला. आयब्युप्रोफेनवाले लवकर बरे झाले नाहीत. उलट त्यांच्यातले २० टक्के पुन्हा डॉक्टरकडे आले, पॅरासिटामॉलवाले १२ टक्के. त्याच चाचणीत वाफाऱ्याचाही फारसा फायदा दिसला नाही, आणि काही जण थोडं भाजून घेऊन बसले. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

हृदयासाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने ती बंद करू नये. डेंग्यूची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारा, ठेवायची की थांबवायची ते ते ठरवतील. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेनने धाप लागते, त्यांना हे बहुधा एकदा अनुभवून कळलेलं असतं. गरोदर बाईने, विशेषतः पाचवा महिना लागल्यावर, पॅरासिटामॉलखेरीज काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

एक प्रश्न मला काउंटरवर कधीच विचारला जात नाही, रात्री व्हॉट्सॲपवर येतो, कारण दुकानात बाजूला नवरा आणि मुलगा उभे असतात. तापातच पाळी आली, पोट दुखतंय, नेहमीची मेफ्टाल स्पास घेऊ का? त्यात मेफेनॅमिक ॲसिड आहे, म्हणजे आयब्युप्रोफेनचीच भावंड. साधी सर्दी असेल, नाक गळत असेल, ताप उतरत आलेला असेल, तर खाऊन एखादी घेतलीस तर चालेल. पण ताप चढा आहे, तिसरा-चौथा दिवस आहे, आणि रक्त तपासलेलं नाही, तर नको. पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी, आणि सकाळी आधी सीबीसी. नेहमीपेक्षा जास्त जात असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर लाल ठिपके दिसत असतील किंवा पोट सारखं दुखून उलट्या होत असतील, तर सकाळची वाट बघू नकोस. आणि हो, मेसेज करायला लाजू नकोस. दुकान साडेनऊला बंद होतं, फोन नाही.